प्रकाशाची प्रत आणि वनस्पतींची घडण

वांगे चिरून काही वेळ तसेच ठेवले तर त्याच्या फोडी काळवंडतात. म्हणून त्या चिरल्याबरोबर पाण्यात टाकण्याची रीत घरोघरी आहे. आवळा, जांभूळ, हिरडा किंवा दुधावाचून केलेला कडक चहा जिभेला तुरट लागतो. बाभळीच्या सालीने कातडे कमावले जाते. सफरचंदाच्या सालीवर लाली चढते आणि तांबड्या कोबीला जांभळी छटा येते. या गोष्टी वरवर पाहता एकमेकींपासून फार दूरच्या वाटतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्या एकाच विस्तीर्ण कुळातील पदार्थांच्या करामती आहेत. या पदार्थांना फिनॉली संयुगे असे म्हणतात. सहा कार्बन अणूंचे एक कडे आणि त्याला जोडलेला ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा एक लहानसा गट, ही या कुळाची खूण होय. तुरट चवीची टॅनिने, फुलाफळांना तांबडा, जांभळा व निळा रंग देणारी अँथोसायनिने, चहातील कॅटेचिने, हळदीतील कुर्कुमिन, ही सर्व या कुळातलीच.

वनस्पती ही संयुगे किती प्रमाणात तयार करील हे तिच्या जातीवर अवलंबून असते, जमिनीवर व हवामानावर अवलंबून असते, तसेच ते तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशावरही अवलंबून असते. येथे प्रकाश म्हणताना त्याचे केवळ प्रमाण अभिप्रेत नाही. तितकाच उजेड, पण निराळ्या रंगांच्या मिश्रणाचा, असा मिळाला तर तेच बी निराळ्या घडणीचे रोप देते. प्रकाशातील निरनिराळ्या रंगांच्या या मेळाला प्रकाशाची प्रत म्हणता येईल. ही प्रत बदलली म्हणजे वनस्पतीची वाढ आणि तिच्यातील फिनॉली संयुगे यांच्यात काय फरक पडतो, आणि पिके काचेखाली वा प्लॅस्टिकखाली वाढविणाऱ्या माणसाला त्याची जाण असणे का आवश्यक आहे, हा आजचा विषय आहे.

प्रथम प्रकाशाच्या सर्वपरिचित कार्याकडे पाहू. सूर्यप्रकाशातील सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा भाग वनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी वापरतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. पानातील हरितद्रव्य त्यांतील निळा व तांबडा प्रकाश विशेषेकरून शोषून घेते. हिरवा त्या मानाने कमी शोषला जातो, म्हणून पाने आपल्याला हिरवी दिसतात. शोषलेल्या ऊर्जेच्या बळावर हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड आणि मुळांनी ओढलेले पाणी यांपासून साखर तयार होते. या अर्थाने प्रकाश हे वनस्पतीचे पोषण होय. परंतु प्रकाशाचे कार्य एवढेच असते, तर त्याची प्रत हा प्रश्न केवळ कमीअधिक पोषणाचा झाला असता. प्रत्यक्षात तसे नाही.

याची पहिली चाहूल एकोणिसाव्या शतकातच लागली होती. खिडकीत ठेवलेले रोप उजेडाकडे वाकते हे कोणालाही दिसते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलिउस फोन झाक्स यांनी रंगीत द्रवांतून प्रकाश गाळून १८६४ साली दाखवून दिले, की हे वाकणे प्रामुख्याने निळ्या भागामुळे घडते. पुढे १८८० साली चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी असे सिद्ध केले, की कोवळ्या कोंबाला प्रकाशाची जाणीव टोकाशी होते आणि वाकण्याची क्रिया मात्र खालच्या भागात घडते. टोक झाकले तर कोंब वाकत नाही. म्हणजे येथे प्रकाश पोषण देत नसून वार्ता देत आहे, आणि ती वार्ता शरीरात एका जागेहून दुसऱ्या जागी पोहोचत आहे.

ही वार्ता वनस्पती कशी वाचते याचा उलगडा होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात बेल्ट्सव्हिल येथे सरकारी कृषिसंशोधन केंद्र आहे. तेथे हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी सालीट, म्हणजे लेट्यूस, या पालेभाजीच्या बियांवर प्रयोग करीत होते. या भाजीच्या काही वाणांचे भिजलेले बी अंधारात नीट उगवत नाही; त्याला थोडा उजेड लागतो. या बियांना ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश थोडा वेळ दिला, तेव्हा त्यांपैकी सुमारे ७० टक्के उगवल्या. तांबड्यापाठोपाठ सुमारे ७३० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा दूर-तांबडा प्रकाश दिला, तेव्हा उगवण ६ टक्क्यांवर आली. त्यानंतर पुन्हा तांबडा दिला, तर ती ७४ टक्क्यांवर गेली. असे कितीही वेळा उलटसुलट केले तरी बी शेवटच्या प्रकाशाचेच ऐकत असे. हा प्रयोग १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून या शास्त्रज्ञांनी अनुमान केले, की वनस्पतीत एक रंगद्रव्य असले पाहिजे. ते तांबड्या प्रकाशाने एका रूपात जाते आणि दूर-तांबड्याने पूर्वरूपात परतते. सात वर्षांनी, १९५९ साली, त्यांच्याच सहकाऱ्यांनी हे द्रव्य प्रत्यक्ष शोधून काढले. त्याला फायटोक्रोम हे नाव मिळाले.

बी एवढी दगदग का करते, असा प्रश्न येथे साहजिकच पडेल. त्याचे उत्तर रानात आहे. मोकळ्या आकाशाखाली तांबडा व दूर-तांबडा प्रकाश जवळजवळ सारख्या प्रमाणात पोहोचतो. तांबडा किंचित अधिक. परंतु झाडाच्या पानांतून गाळून खाली येणाऱ्या उजेडातला तांबडा भाग हरितद्रव्याने आधीच शोषलेला असतो, आणि दूर-तांबडा बव्हंशी तसाच खाली उतरतो. त्यामुळे दूर-तांबडा अधिक आढळला तर वर दुसऱ्याची पाने आहेत, असा त्याचा अर्थ होतो. बी ते ओळखून थांबते. उगवलेले रोप तीच वार्ता मिळताच खोड लांबवते, फांद्या आवरते आणि शेजाऱ्याच्या वर डोके काढण्याची धडपड करते. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात हॅरी स्मिथ यांनी या सावली टाळण्याच्या वृत्तीचा सखोल अभ्यास केला. अर्जेंटिनातील कार्लोस बायारे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली तर असे दाखविले, की प्रत्यक्ष सावली पडण्याच्या आधीच, शेजारच्या पानांवरून परावर्तित होणाऱ्या दूर-तांबड्या प्रकाशावरून रोपाला दाटीची चाहूल लागते.

फायटोक्रोम एकटे नाही. निळा प्रकाश ओळखणाऱ्या क्रिप्टोक्रोम या प्रथिनाचे जनुक १९९३ साली मोहरीच्या कुळातील अरेबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीत सापडले. ज्याच्यामुळे रोप उजेडाकडे वाकते त्या फोटोट्रॉपिनाची ओळख १९९७ साली पटली. आणि सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटरचा जो तीव्र भाग जंबुपार-ब म्हणून ओळखला जातो, तो ओळखणाऱ्या प्रथिनाचे कार्य २०११ साली स्पष्ट झाले. या प्रथिनाचे रेणू एरव्ही जोडीजोडीने असतात; जंबुपार-ब किरण पडताच जोडी फुटते आणि सुटे रेणू पेशीच्या केंद्रकात पुढील आज्ञा पोहोचवितात. याप्रमाणे वनस्पतीला डोळे नसूनही वर्णपटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची बातमी तिला मिळत असते.

आता या बातमीचा फिनॉली संयुगांशी काय संबंध, हे पाहू. वनस्पतीच्या पेशीत फिनिलअॅलॅनिन नावाचे एक अॅमिनो अम्ल असते. ते प्रथिने बांधण्यासाठी लागते. परंतु एक विशिष्ट एंझाइम त्याला त्या मार्गावरून काढून दुसऱ्या मार्गावर लावते. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी १९६१ साली सातूच्या रोपांत त्याचे वर्णन केले. या दुसऱ्या मार्गावर पुढे लाकडाला कठीणपणा आणणारे लिग्निन तयार होते, तसेच फ्लॅव्होनॉइडे, अँथोसायनिने आणि काही टॅनिनेही तयार होतात. म्हणून हे एंझाइम म्हणजे फिनॉली संयुगांच्या वाड्याचा दिंडी दरवाजा आहे असे समजावे. हा दरवाजा कोण उघडतो? अमेरिकेतील मिल्टन झुकर यांनी १९६५ साली बटाट्याच्या चकत्यांवर प्रयोग केले. प्रकाशात ठेवलेल्या चकत्यांत या एंझाइमाची पातळी वाढली आणि क्लोरोजेनिक अम्ल हे फिनॉली संयुगही वाढले. बटाट्याच्या चकतीत प्रकाशसंश्लेषण चालत असेल असे कोणी म्हणणार नाही. येथेही प्रकाशाने पोषण दिले नाही, आज्ञा दिली.

ही आज्ञा निसर्गाने का योजली असावी? सूर्यप्रकाशाबरोबर येणारे जंबुपार किरण आनुवंशिक द्रव्याला इजा करतात. माणूस सावलीत जाऊ शकतो. झाडाला पाय नाहीत. त्याला आपली छत्री आपल्याच अंगी तयार करावी लागते. पानाच्या वरच्या त्वचेत साठलेली फ्लॅव्होनॉइडे व तत्सम संयुगे जंबुपार किरण शोषून घेतात आणि दृश्य प्रकाश मात्र आत जाऊ देतात. याचा पुरावा १९९३ साली अरेबिडॉप्सिसच्या अशा वाणांवरून मिळाला, की ज्यांत फ्लॅव्होनॉइडे तयार करण्याची क्षमता जनुकीय दोषामुळे उरली नव्हती. जंबुपार-ब किरणांखाली या झाडांचे सर्वसाधारण झाडांपेक्षा कितीतरी अधिक नुकसान झाले. म्हणजे आपल्याला जो तुरटपणा वा रंग वाटतो, तो वनस्पतीच्या दृष्टीने बंदोबस्त आहे.

सफरचंदाचे उदाहरण येथे बोलके ठरेल. फळावर उमटलेल्या पानाच्या फिकट छायेवरून बागाइतदारांना फार पूर्वीपासून ठाऊक होते, की लालीसाठी ऊन लागते. बेल्ट्सव्हिल येथील सीगलमन व हेंड्रिक्स यांनी १९५८ साली सालीतील अँथोसायनिनाच्या निर्मितीवर प्रकाशाचे नियंत्रण कसे चालते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९८५ साली जपानमधील संशोधकांनी निरनिराळ्या किरणांची तुलना केली. त्यांना आढळले, की एकेकट्या किरणांत जंबुपार-ब सर्वांत परिणामकारक ठरतात, आणि त्यांच्या जोडीला तांबडा प्रकाश दिला तर होणारी वाढ दोहोंच्या बेरजेहूनही अधिक असते. हिमाचल प्रदेशातील सफरचंदांच्या बागांवर गारपिटीपासून रक्षण म्हणून जाळ्या पसरतात. जाळीने फळ वाचते. पण जाळी दाट असेल तर फळावरचे ऊन घटते व रंग फिका राहण्याचा धोका असतो. बाजारात सफरचंदाचा भाव रंगावर ठरतो. गारा आणि फिकटपणा यांतून मार्ग काढताना बागाइतदार वस्तुतः प्रकाशाच्या प्रश्नालाच उत्तर देत असतो.

हा बंदोबस्त केवळ उन्हाविरुद्ध नाही. पुष्कळशी फिनॉली संयुगे किडींना व बुरशीला अपायकारक किंवा नकोशी असतात. अर्जेंटिनात सोयाबीनच्या शेतावर केलेल्या प्रयोगांत काही वाफ्यांवर जंबुपार-ब अडविणारे आच्छादन घातले आणि काही वाफे तसेच उन्हात ठेवले. उघड्या वाफ्यांतील पानांत विद्राव्य फिनॉली संयुगे अधिक होती, आणि पाने खाणाऱ्या अळ्यांनी केलेले नुकसान कमी होते. याउलट दाटीची वार्ता देणारा दूर-तांबडा प्रकाश मिळाला, की रोप उंच होण्याच्या नादात संरक्षणाकडे दुर्लक्ष करते. अशा रोपावर किडींचे अधिक फावते, हेही त्याच देशातील संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले. वाढ आणि संरक्षण या दोहोंसाठी वनस्पतीजवळ कमाई एकच असते. एका खात्यावर खर्च वाढला की दुसऱ्या खात्यावर काटकसर करावी लागते, आणि कोणत्या खात्याला अग्रक्रम द्यावयाचा हे प्रकाशाच्या वार्तेवरून ठरते.

येथपर्यंतचे विवेचन रानातील वा उघड्या शेतातील झाडाला लागू होते. माणसाने पिकावर छप्पर घातले, की प्रश्न निराळे वळण घेतो. साधी काच दृश्य प्रकाश जवळजवळ सगळा आत सोडते, पण जंबुपार-ब किरण अडविते. हरितगृहासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक प्लॅस्टिकच्या कागदांत, ते उन्हाने लवकर जीर्ण होऊ नयेत म्हणून, जंबुपार किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. आत उभ्या असलेल्या माणसाला उजेडात काहीच कमी भासत नाही. झाडाला मात्र एक महत्त्वाची बातमी मिळेनाशी होते. तांबड्या पानांचे सालीट काचेखाली अनेकदा हिरवट व फिके निघते ते याच कारणाने. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की जंबुपार किरण आत सोडणाऱ्या प्लॅस्टिकखाली वाढविलेल्या तांबड्या सालीटात फ्लॅव्होनॉइडे व फिनॉली अम्ले यांचे प्रमाण, ते किरण अडविणाऱ्या प्लॅस्टिकखालील पिकापेक्षा अधिक होते.

प्रकाशाची प्रत हवी तशी जुळविण्याचे साधनही आता हाती आले आहे. तीव्र निळा प्रकाश देणारा प्रकाश-उत्सर्जक डायोड १९९३ साली जपानमध्ये तयार झाला आणि २०१४ साली त्याच्या निर्मितीबद्दल तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. तांबडे डायोड त्यापूर्वीच उपलब्ध होते. त्यामुळे बंद खोलीत, एकावर एक रचलेल्या फळ्यांवर, ठरावीक रंगांच्या उजेडात भाजीपाला पिकविणे शक्य झाले. अमेरिकेतील अॅरिझोना विद्यापीठात ली व कुबोटा यांनी पांढऱ्या प्रकाशात वाढणाऱ्या तांबड्या सालीटाला निरनिराळ्या रंगांची जोड देऊन पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे विचार करण्याजोगे आहेत. निळ्याची जोड दिली तेव्हा अँथोसायनिने ३१ टक्क्यांनी वाढली. जंबुपार-अ या सौम्य किरणांनी ती ११ टक्क्यांनी वाढली. तांबड्याने एकूण फिनॉली संयुगे ६ टक्क्यांनी वाढली. दूर-तांबड्याची जोड दिली तेव्हा मात्र पाने लांबरुंद झाली, ताजे वजन २८ टक्क्यांनी वाढले, आणि अँथोसायनिने ४० टक्क्यांनी घटली.

या शेवटच्या दोन आकड्यांत या विषयाचे मर्म आहे. तराजूत जे पीक सरस ठरले, तेच रंगात व अँथोसायनिनांत उणे ठरले. शेतमाल वजनावर विकला जातो, तोवर दूर-तांबडा प्रकाश फायद्याचा वाटेल. खाणाऱ्याला रंग, चव आणि ही संयुगे हवी असतील, तर तोच प्रकाश तोट्याचा आहे. यावर काढलेला एक तोडगा काळाच्या वाटणीचा आहे. आधी पिकाला भरपूर वाढू द्यावे आणि कापणीपूर्वीच्या शेवटच्या दिवसांत त्याला रंग चढविणारा प्रकाश द्यावा. अमेरिकेतीलच पर्ड्यू विद्यापीठातील २०१५ सालच्या संशोधनात हरितगृहातील फिक्या सालीटाला कापणीपूर्वी पाच ते सात दिवस तांबड्या व निळ्या डायोडांचा पुरेसा तीव्र प्रकाश दिल्यावर तांबडा रंग चांगला चढल्याचे दिसले.

तथापि फिनॉली संयुगे जितकी अधिक तितके पीक चांगले, असा सरसकट नियम करणे चुकीचे होईल. जपानमधील उजी हा प्रदेश चहासाठी नावाजलेला आहे. तेथे ग्योकुरो नावाचा उंची चहा आणि माच्चा या चहाच्या भुकटीसाठी लागणारी पाने यांच्यासाठी खुडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे झुडपांवर मुद्दाम सावली धरतात. चहाच्या पानातील थिॲनिन हे अॅमिनो अम्ल चहाला गोडसर, भरीव चव देते. उन्हात त्याचे रूपांतर होऊन तुरट कॅटेचिने वाढतात. सावलीत ते टिकून राहते व कॅटेचिने कमी होतात. सफरचंदाचा बागाइतदार ज्या उन्हासाठी पाने विरळ करतो, तेच ऊन चहाचा मळेवाला आच्छादन घालून परतवून लावतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणता प्रकाश उत्तम, याचे उत्तर पिकाकडून आपल्याला काय हवे आहे हे ठरविल्यावाचून देता येत नाही.

आणखी एक सावधगिरीची सूचना येथे केली पाहिजे. एका वाणावर मिळालेले आकडे दुसऱ्या वाणाला तसेच लावता येत नाहीत. जंबुपार किरणांची मात्रा वाढविली म्हणजे संयुगे वाढतच जातात असेही नाही. मर्यादेपलीकडे पान करपते, वाढ खुंटते आणि बंदोबस्ताच्या खर्चातच झाड खचते. शिवाय हे किरण तेथे काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना व त्वचेला अपायकारक आहेत.

श्रोतेहो, सुमारे ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी वनस्पतींचे पूर्वज पाण्यातून जमिनीवर आले. पाण्याचे आच्छादन मागे राहिले आणि उघड्या सूर्याशी गाठ पडली. तेव्हापासून त्या प्रकाशावर जगत आल्या आणि प्रकाशापासून स्वतःला राखतही आल्या. आवळ्याचा तुरटपणा, जांभळाचा रंग आणि सफरचंदाची लाली या त्या दीर्घ व्यवहाराच्या खुणा आहेत. आता पीक आणि सूर्य यांच्यामध्ये काच, प्लॅस्टिक, जाळी किंवा दिवा आणून ठेवण्याचे सामर्थ्य माणसाला प्राप्त झाले आहे. त्या छपराखाली उजेड किती येतो हे मोजण्याची काळजी बहुतेक सर्वजण घेतात. त्या उजेडातून कोणता रंग वगळला गेला, आणि त्यासोबत झाडाला कोणती बातमी मिळेनाशी झाली, हे विचारण्याची सवयही लावून घेतली पाहिजे. तसे झाले तर ताटात येणारी भाजी वजनाला भरेल आणि गुणालाही उतरेल.